आंबोणाची बादली

मित्रांनो, मी एक जुनी दह्याची बादली आहे. पंधरा किलोची, पांढरी, घट्ट झाकणाची. अंगावरचं लेबल अर्धं खरवडलेलं आहे आणि तुटलेल्या कडीच्या जागी सुतळी बांधलेली आहे. हुडकेश्वरच्या एका घरामागच्या अंगणात, कोंबड्यांच्या जाळीला लागून माझी जागा आहे. इथे येणारा प्रत्येक माणूस आधी नाक मुरडतो आणि मग डोळे बारीक करून विचारतो, "हिच्यात काय आहे?" संशयाची मला इतकी सवय झाली आहे, की कुणी माझ्याकडे सरळ नजरेने पाहिलं तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

माझा जन्म हिंगण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका डेअरीत गेले. थंडगार दही पोटात घेऊन एका लग्नाला गेले. पंगती उठल्या, मठ्ठा संपला आणि माझी गरजही संपली. त्या मंगल कार्यालयात चंपतराव चौकीदार होते. त्यांनी मला उचललं, सायकलच्या हँडलला अडकवलं आणि घरी आणलं. त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईने, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनेही संशयच घेतला.

"कोणाची हाये? विचारून आणली का?" ती म्हणाली.

"फेकून देऊन राहिले होते वं," चंपतराव म्हणाले. तरी तिने मला राखेने तीनदा घासलं, वास घेतला, उन्हात पालथी घातली आणि मगच घरात घेतलं.

सुभद्राबाईचा स्वभावच तसा होता. दूधवाल्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता आणि बाजारातल्या चकचकीत वांग्यांवरही नव्हता. सर्वांत जास्त संशय होता तो दुकानातल्या कोंबडीवर. तिची एकुलती एक मुलगी अपेक्षा नर्स आहे. तिचं लग्न कामठीच्या मुलाशी ठरलं आणि एप्रिलच्या शेवटी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. तेव्हा सुभद्राबाईने जाहीर केलं, "दुकानातल्या कोंबड्याले काय सुई टोचतात, कोणाले माहीत! माह्या पोरीच्या साक्षगंधाले पाहुण्यायले मी घरची कोंबडी खाऊ घालीन."

मार्चच्या सुरुवातीला तीस पिल्लं आली. पिवळी, मऊ, एका खोक्यात मावणारी. ही मांसाची जात भराभर वाढते आणि दिवसभर खात सुटते. खाणं आंबवून दिलं तर पिल्लांना ते पचतं आणि विष्ठेचा वासही कमी येतो, असं सुभद्राबाईला तिच्या माहेरच्या एका बाईने सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं.

ती माझ्यात मक्याचा भरडा, ज्वारीची चुरी आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, टाकायची. वर चार बोटं पाणी. झाकण नुसतं टेकवलेलं, दाबलेलं नाही, कारण आत तयार होणारा वायू बाहेर जायला हवा. सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने तळापासून ढवळणं. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात बुडबुडे उठायचे आणि आंबूस, ताकासारखा वास सुटायचा. मित्रांनो, मला तो वास ओळखीचा होता. दह्याचे दिवस आठवायचे. सुभद्राबाई त्या खाण्याला आंबोण म्हणायची. ती वाडगं घेऊन आली, की पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत धावायची.

पण वासाला भिंत अडवत नाही. आमच्या भिंतीपलीकडे कृष्णकांतराव आणि यमुताई राहतात. कृष्णकांतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. यमुताई मृदू बोलणाऱ्या. दोन्ही घरांत वाटीभर भाजीची देवाणघेवाण होती. यमुताईंकडे मांसमच्छी चालत नाही, म्हणून सुभद्राबाई त्यांच्याकडे वाटी नेहमी घासूनपुसून पाठवायची. आंबोणाचा वास पलीकडे गेला आणि वाट्या थांबल्या. कृष्णकांतराव खिडकीशी उभे राहून माझ्याकडे बघू लागले. झाकण टेकवलेली बादली, आतून बुडबुड्यांचा आवाज, आंबलेला वास. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की चंपतरावांच्या घरी मोहाची दारू गळते.

एका दुपारी एक हवालदार आला.

"बाई, इथं माल बनवून राहिले म्हणते. उघडा ते झाकण."

सुभद्राबाईचा चेहरा लाल झाला. "उघडा ना तुमीच! मक्का हाये, चुरी हाये, ढेप हाये. पेता का पेलाभर?"

हवालदाराने झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि एकदम मागे सरकला. मग कोंबड्यांकडे पाहून हसला. "जाऊ द्या काकू. कम्प्लेंट आली, तर आना पडता है."

तो गेला. पण गल्ली काही निःशंक झाली नाही. खरी हातभट्टी आत न्हाणीघरात असेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सुभद्राबाईच्या कानावर आलं. तिने पलीकडच्या खिडकीचा पडदा हललेला पाहिला होता. पोलिसांना कुणी सांगितलं, याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही. कृष्णकांतरावांचं नव्हे, तिने यमुताईंचंच नाव पक्कं केलं. कारण दुखावणारं माणूस जवळचं असलं, की राग त्याच्यावरच जास्त बसतो.

चंपतरावांना मात्र रागापेक्षा लाज वाटली होती. हवालदार दारात आला तेव्हा कोपऱ्यावरची सगळी माणसं बघत होती. तेव्हापासून ते माझ्या जवळून जाताना मान खाली घालत.

एप्रिलच्या मध्यावर सुभद्राबाई साक्षगंधाचं आवतण द्यायला तीन दिवस भावाकडे भिवापूरला गेली. जाताना तिने नवऱ्याला बजावलं, "दोन टाईम ढवळा. दाणा पाण्याखाली राहू द्या. झाकण दाबू नका."

"हो वं, हो," ते म्हणाले.

तिची बस गेली आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझं झाकण चारही बाजूंनी दाबून टाकलं. वास गल्लीत जायला नको. मग मला जाळीजवळच्या सावलीतून उचललं आणि मागच्या भिंतीशी ठेवलं. तिथे दिवसभर ऊन असतं. कोंबड्यांना कोरडं खाणं टाकलं आणि मला विसरले. पहिल्या दिवशी माझ्या पोटात कोंडून आलं. दुसऱ्या दिवशी दाण्याने पाणी पिऊन टाकलं आणि वरचा थर उघडा पडला. तिसऱ्या दिवशी आतला वास बदलला. तो ताकाचा राहिला नाही. मेलेल्या उंदराचा वास येतो तसा झाला. वरच्या थरावर काळी-हिरवी लव उगवली. मला सगळं कळत होतं, पण बादलीला तोंड असलं तरी बोलता येत नाही.

त्याच दुपारी बाहेर एक गोष्ट घडली, तीही मला दिसली. ऊन मी म्हणत होतं. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. भिंतीवरून एक हात आला. हातात ओलं पोतं होतं. यमुताईंनी ते जाळीवर पसरलं आणि वरून तांब्याभर पाणी शिंपडलं. चंपतराव मागच्या दारात उभे राहून ते बघत होते. दोघांची नजरानजर झाली. यमुताई आत गेल्या.

तेवढ्यात सुभद्राबाईचा फोन आला, की ती बसमध्ये बसली आहे. चंपतराव धावत माझ्याकडे आले. झाकण उघडलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. वरची बुरशी त्यांनी थोडी ओंजळीने काढून फेकली. उरलेली पाण्यात कालवली. ढवळलं, वाडग्यांत ओतून दिलं आणि मला परत सावलीत ठेवलं. ढवळलेल्या आंबोणात काळं काही दिसत नव्हतं. बायको आली की तिला वाडगी भरलेली दिसतील, एवढाच त्यांचा विचार होता.

सगळ्या कोंबड्या खायला आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांपैकी नऊ जणींनी दुसऱ्या दिवशी माना टाकल्या. पाय लुळे, पापण्या अर्धवट मिटलेल्या. दुपारपर्यंत नऊही गेल्या.

सुभद्राबाई जाळीत बसून एकेक उचलून बघत होती. "कसं झालं? काहून झालं?" ती सारखी विचारत होती. शेवटी चंपतरावांनी जे म्हटलं, ते ऐकून माझ्या प्लास्टिकलाही चरका बसला.

"मी पाह्यलं ना. काल यमुताई भिंतीवरून हात घालून राहिल्या होत्या."

मित्रांनो, हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते भयंकर होतं.

सुभद्राबाई भिंतीशी गेली. यमुताई पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. "माह्या कोंबड्यायले काय खाऊ घातलं, यमुताई? आधी पोलीस पाठवले, आता जीव घेतला!"

यमुताईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. "मी? सुभद्राबाई, मी?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि दार लागलं.

संध्याकाळी अपेक्षा दवाखान्यातली आठवडाभराची ड्युटी संपवून घरी आली. मेलेली एक कोंबडी जनावरांच्या डॉक्टरला दाखवू, असं ती म्हणाली. पण चंपतरावांनी खड्डा खणून नऊही पुरून टाकल्या होत्या. "इतक्या लवकर काहून पुरल्या बाबा?" तिने विचारलं. ते म्हणाले, वास सुटला असता. अपेक्षाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती वाकली, झाकण उचललं आणि उलटं केलं. कडेच्या खाचेत हिरवी-काळी लव चिकटलेली होती.

"हे झाकण कोणं दाबलं?"

"मले काय माहीत?" चंपतराव म्हणाले आणि आत गेले. अपेक्षा झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. तिने आईला काही सांगितलं नाही. वाडगी मात्र ओतून टाकली, उरलेल्या कोंबड्यांना स्वच्छ पाणी ठेवलं. त्या घरात आता तीन माणसं होती आणि तिघांच्या मनात तीन संशय होते.

सकाळी सुभद्राबाईने चांगलं लुगडं नेसलं आणि ठाण्यात तक्रार द्यायला निघाली. फाटकाची कडी काढली, तर चंपतराव समोर येऊन उभे राहिले.

"जाऊ नको वं."

"काहून?"

त्यांनी फाटक हाताने धरून ठेवलं. "बुरशी आली होती. मीच कालवली. झाकण मीच दाबलं. लोक हसून राहिले होते वं, मले लाज वाटून राहिली होती."

सुभद्राबाईने हळू विचारलं, "अन् यमुताईचा हात?"

"ओलं पोतं टाकून राहिल्या होत्या. कोंबड्या उन्हानं मरतीन म्हणून."

अपेक्षा दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. सुभद्राबाई फाटकातच खाली बसली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा नवऱ्यावर ओरडेल. तिने दोन्ही केलं नाही. ती उठली, मागे आली, माझी सुतळी धरली आणि तळाशी सडका गाळ असलेली मी, तशीच, तिच्या हातात लोंबकळत यमुताईंच्या पुढच्या दारी गेले.

दार कृष्णकांतरावांनी उघडलं. त्यांच्या मागे यमुताई होत्या.

"हे पाहा," सुभद्राबाईने मला त्यांच्या पायरीवर ठेवलं. "कोंबड्या यानं मेल्या. आमच्याच घरचा दोष हाये. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, यमुताई. माह्या तोंडातून निघालं ते आता वापस घेता येत नाही."

कृष्णकांतरावांनी घसा खाकरला. "पोलिसांना फोन मी केला होता. हिला ठाऊक नव्हतं."

यमुताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग त्या सुभद्राबाईला म्हणाल्या, "तुम्ही मला एकदा विचारलं असतं तर?"

"तुमी बी मले विचारलं असतं," सुभद्राबाई म्हणाली. "वास कायचा म्हणून."

क्षमा वगैरे शब्द कुणीच काढला नाही. यमुताई खाली वाकल्या, माझ्या पोटात डोकावल्या आणि पदर नाकाला लावला.

"आधी ही धुवा," त्या म्हणाल्या. "आमच्या नळावर. मी कढत पाणी आणते. आणि खायचा सोडा आहे घरात."

त्या दिवशी मला दोन बायकांनी मिळून धुतलं. एकीने पाणी ओतलं, एकीने नारळाच्या शेंडीने तळ, कडा, खाचा, झाकणाची मागची बाजू घासली. माझ्या अंगावरून इतक्या मायेने हात कधी फिरला नव्हता.

उरलेल्या एकवीस कोंबड्या डॉक्टरने तपासल्या आणि चांगल्या असल्याचं सांगितलं. साक्षगंध झालं. रस्सा पुरवून पुरवून वाढावा लागला. कामठीच्या पाहुण्यांनी ताटं पुसून खाल्ली. यमुताई गोळाभाताचं, म्हणजे डाळीचे गोळे घातलेल्या भाताचं, पातेलं घेऊन आल्या आणि अपेक्षाच्या सासूशेजारी बसून तोच जेवल्या. कृष्णकांतराव आले नाहीत. सुभद्राबाई चंपतरावांशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी नवी पिल्लं आली, तेव्हा तिने ढवळायचा दांडा त्यांच्या हातात दिला. ते रोज इमानाने ढवळतात. ते आत गेले, की ती बाहेर येते आणि झाकण उचलून पुन्हा एकदा बघते. ते त्यांना माहीत आहे.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. उन्हाने तडे जाऊ लागले आहेत आणि एक दिवस मी भंगारात जाईन. तोवर एवढंच मागते. ज्या भांड्यातून कुणाचा जीव पोसता, ते रोज घासा, त्याला सावलीत ठेवा, लोकलाजेखातर त्याचं तोंड दाबू नका. चूक झालीच, तर ती ढवळून लपवू नका. आणि शेजारच्या माणसाबद्दल मनात शंका आली, तर भिंतीआडून बघत बसू नका. चप्पल घाला, पुढच्या दाराने जा आणि विचारा.