सव्वा हाताचा जिताडा आणि मी

मित्रांनो, मी एक फ्रिज आहे. पण स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून जन्म काढणारा नव्हे. मी प्रवासी फ्रिज. बुटका, आडवा, वरून झाकण, दोन्ही बाजूंना कड्या, पोटाखाली स्वतःची बॅटरी आणि गाडीला जोडायची एक काळी वायर. एकट्याने उचलायला गेलात तर कमरेचं काही खरं नाही, दोघं लागतात. सध्या माझा मुक्काम बदलापूरजवळ खरवईला, अनंता भोईर यांच्या पडवीत आहे. झाकणावर एक लांब ओरखडा आहे, डावीकडची कडी सैल झाली आहे, पण गारवा मी अजून पहिल्या दिवसासारखाच देतो. हे माझं मीच सांगून टाकतो, दुसरं कोणी सांगेल याची वाट कुठे बघत बसू?

मी जन्मलो तेव्हा माझ्या खोक्यावर डोंगर, तंबू आणि शेकोटीभोवती बसलेली हसरी माणसं छापलेली होती. ते चित्र पाहून मी मनाशी पक्कं केलं होतं की आपलं आयुष्य असंच मजेत जाणार. प्रत्यक्षात पोहोचलो ते उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, होतचंद शेठच्या दुकानात. तिथे तंबू औषधालाही नव्हता. जिकडे पाहावं तिकडे दुकानं आणि दुकानात शिरणारी माणसं.

आठ महिने मी तिथल्या फळीवर बसून काढले. लोक यायचे, माझं झाकण उघडायचे, आत डोकावायचे, किंमत ऐकायचे आणि झाकण दणकन आपटून पंखे बघायला निघून जायचे. एकाने तर माझ्यासोबत फोटो काढला आणि बाजूची मिक्सरची भांडी विकत घेतली. मला फार वाईट वाटायचं. होतचंद शेठ मात्र रोज सकाळी फडक्याने माझी धूळ पुसायचे आणि म्हणायचे, “तेरा भी टाइम आएगा, भाऊ.” भला माणूस.

आणि माझी वेळ आली, ती एका सुतळीच्या तुकड्यावरून.

एप्रिलमधली दुपार होती. अनंता भोईर आपल्या मुलाला, भावेशला घेऊन दुकानात आले. भावेश अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला, चांगला सव्वीस वर्षांचा बाप्या, आणि तोंडात सगळं मोबाइलवर वाचलेलं. “शेठ, कॅम्पिंगवाला फ्रिज दिखाओ. थर्टी लीटर के ऊपर,” तो म्हणाला. होतचंद शेठनी आम्हा तिघांना खाली काढलं. एक छोटा, एक स्वस्त आणि एक मी.

अनंतांनी लिटरबिटर काही विचारलं नाही. त्यांनी खिशातून दोन गाठी मारलेली सुतळी काढली आणि छोट्या फ्रिजच्या आत धरली. एक गाठ बाहेर लटकत राहिली. शेठ बघतच राहिले.

“ये क्या है, काका?”

“जिताड्याचा माप,” अनंता म्हणाले. “हा तोंड, हा शेपूट. सव्वा हात.”

आता जिताडा म्हणजे काय ते सांगतो. हा खाडीतला मोठा मासा. अनंतांच्या बहिणीने पेणहून त्याची पिल्लं आणून दिली होती, आणि अनंतांनी ती आपल्या शेतातल्या तळ्यात दोन वर्षं वाढवली होती. त्यातला सगळ्यात मोठा मासा त्यांच्या मुलीच्या, करिष्माच्या नावाचा होता. करिष्मा लग्न होऊन वाशीमला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून काशीने, म्हणजे तिच्या आईने, माळ्यावरचा पाळणासुद्धा उतरवून धुऊन ठेवला होता. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, हिने अंथरुणावरून उठायचं नाही, प्रवास तर मुळीच नाही. करिष्मा फोनवर रडली नाही. फक्त म्हणाली, “आई, मना आपल्या तल्यातल्या जिताड्याचा डोका खावासा वाटतो.” त्या घरात लहानपणापासून जिताड्याचं डोकं करिष्माचं असायचं. भावेशने एकदा चोरून खाल्लं, तर तीन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

म्हणून मासा अख्खा न्यायचा होता. तुकडे करून डब्यात भरले तर ते काम छोट्या फ्रिजमध्येही झालं असतं, पण अनंतांना ते पटेना. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर निदान माहेरचा मासा तरी डोक्या-शेपटासकट तिच्या दारात जायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मला तर ते ऐकूनच भरून आलं.

स्वस्त फ्रिजमध्ये सुतळी छान बसली. भावेश खूश झाला. पण शेठनी मान हलवली. “ये सिर्फ पंखेवाला है. बाहर चालीस होगा तो अंदर बीस तक लाएगा. पानी की बोतल के लिए ठीक, मच्छी के लिए नहीं. वाशीम पहुँचते-पहुँचते बास मारेगा.” स्वतःचा माल असा उघड नाकारणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

राहिलो मी. माझ्यात सुतळी सरळ काही बसेना. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात भावेश म्हणाला, “बाबा, तिरकी टाका ना.” कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी टाकली, आणि दोन्ही गाठी बरोब्बर आत आल्या. पण अनंतांचं समाधान एवढ्यावर होणारं नव्हतं. त्यांनी वाटीभर पाणी मागून माझ्या पोटात ठेवलं, माझी वायर काढायला लावली आणि स्टूल ओढून समोर बसले. नुसत्या बॅटरीवर बर्फ करून दाखव, मग नेतो, असा त्यांचा हट्ट. दीड तासात तीन चहा झाले. चौथ्या चहाच्या आधी मी वाटीतलं पाणी दगडासारखं करून दाखवलं. अनंतांनी वाटी उपडी केली, बर्फ पडला नाही, तेव्हा कुठे ते हसले.

निघताना शेठनी माझ्या कुशीवरची जाळी दाखवून भावेशला बजावलं, “इसको इधर से साँस लेने का. जाली खुली रखना.” भावेशने मान डोलावली. पण तेव्हा तो वाशीमचा रस्ता मोबाइलवर बघत होता, आणि त्याची मान कशालाही डोलते. पुढचा सगळा घोटाळा त्या एका मानेपायी झाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. पहाटे अनंतांनी तळ्यात जाळं टाकलं. काशीने माशाचं पोट साफ केलं, मीठ-हळद लावली, तो केळीच्या पानात गुंडाळला आणि बाळ निजवावं तसा मला सोपवला. मी आधीच शून्यावर गार होऊन बसलो होतो. पहिलीच कामगिरी, तीही एवढी मोठी. मी मनापासून घुरघुरायला लागलो.

मित्रांनो, काशीची आई आयुष्यभर मासे विकायची. टोपलीवर ओलं गोणपाट टाकलं की मासा दुपारपर्यंत टिकतो, हे काशी चालायला लागल्यापासून बघत आलेली. त्यामुळे इगतपुरीच्या पुढे समृद्धी महामार्गावर ऊन चटकायला लागलं, तसं तिने काय केलं असेल? एक गोणपाट ओलं करून माझ्या चारी बाजूंनी गुंडाळलं. वर एक जाड गोधडी घातली आणि ती कडेने नीट खोचली. “आता उन नाय लागाचा तुला,” असं म्हणून माझ्यावर हात फिरवला. इतक्या मायेने आजवर मला कोणी वागवलं नव्हतं. आणि माझा श्वास कोंडला.

आमचं गणित साधं असतं. आतली उष्णता आम्ही ओढतो आणि जाळीतून बाहेर फेकतो. बाहेर टाकायला वाटच नसेल, तर ती आमच्याच अंगात साठते. मी तासभर तग धरला. मग माझं यंत्र इतकं तापलं की आपोआप बंद पडलं. तांबडा दिवा लुकलुकला, पण तो गोधडीखाली कोणाला दिसणार?

छत्रपती संभाजीनगर मागे पडल्यावर काशीलाच आधी संशय आला. “ह्याचा आवाज का बंद झाला?” तिने गोधडीची कड उचलली. माझ्या तोंडावर तापमानाचा आकडा होता नऊ. सकाळी तो शून्य होता.

भावेशने पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि माझी वायर काढून लावली, परत काढली, परत लावली. “बाबा, बॅटरी गेली वाटतं. किंवा पीसच डिफेक्टिव्ह असेल.” मला बोलता येत असतं तर त्याला चार शब्द सुनावले असते. बर्फ मिळतो का म्हणून त्याने पंपावर विचारलं. तिथे बर्फ नव्हता. शेवटी तो हळूच म्हणाला, “बाबा, ताईची तब्येत नाजूक. जरासुद्धा शंका असेल तर मासा तिला देणं बरोबर नाही. टाकून देऊ.”

अनंतांनी खिशातली ती गाठी मारलेली सुतळी काढली आणि बोटाला गुंडाळत उभे राहिले. दोन वर्षं त्यांनी त्या माशाला रोज संध्याकाळी खायला घातलं होतं. पण लेकीपुढे मासा काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात काशीने माझ्या कुशीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. परत ठेवला. लेकरांचा ताप बघतात तसा तिने हात उलटा करून टेकवला.

“ह्याला ताप आलाय,” ती म्हणाली.

“आई, मशीन आहे ते.”

“मशीन असूदे. अंग भाजतंय ह्याचा. ही जाली बघ, ही कशाला ठेवलीय इथं?”

भावेशला तेव्हा होतचंद शेठ आठवले. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “श्वास घ्यायला,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

काशीने एका झटक्यात गोधडी ओढली, गोणपाट फेकलं. “मीच ह्याचा नाक दाबून बसले,” ती म्हणाली, “आणि वरशी कुरवालीत होते.” तिघांनी मिळून मला पंपाच्या मागच्या झाडाखाली सावलीत ठेवलं. काशी आपल्या पदराने माझ्या जाळीला वारा घालत बसली. पंपावरची माणसं जमून बघत होती, एका फ्रिजला कोणी वारा घालतंय म्हणून. बघू देत. वीस मिनिटांनी माझं अंग निवलं, तांबडा दिवा गेला, आणि मी पुन्हा घुरघुरलो. तो आवाज ऐकून अनंतांनी डोळे पुसले. ऊन लागलं म्हणाले.

आता मासा. काशीने झाकण उघडलं, केळीचं पान सारलं. डोळा पाहिला, स्वच्छ होता. अंगावर अंगठा दाबला, खळगा लगेच भरून आला. वास घेतला. मग म्हणाली, “ताजा हाय. चला.” आईकडून शिकलेल्या एका गोष्टीने तिने मला कोंडलं होतं, आणि तिच्याचकडून शिकलेल्या दुसऱ्या गोष्टीने मासा वाचवला. पुढच्या सगळ्या वाटेत ती माझं झाकण उघडून बघायचा मोह आवरत, हात मांडीखाली दाबून बसली होती.

सूर्य मावळायच्या आधी आम्ही वाशीमला पोहोचलो. जावई प्रीतम आणि भावेश यांनी मला उचलून थेट करिष्माच्या पलंगाशी ठेवलं. तिने कुशीवर वळून स्वतः झाकण उघडलं. अख्खा जिताडा, तोंडापासून शेपटापर्यंत.

“बाबा, डोका कापला नाय तुमी.”

“तुजाच हाय ना तो,” अनंता म्हणाले.

तेव्हा ती रडली. महिनाभर आवरून धरलेलं सगळं रडली, आणि मग कालवण होईपर्यंत तीन वेळा विचारलं, झालं का म्हणून. डोकं तिने एकटीने खाल्लं. भावेशला वासही घेऊ दिला नाही. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली, तेजस्वी. दोघी ठणठणीत.

माझं पुढचं आयुष्यही मजेचं गेलं. गावातल्या हळदीत मी कोकम सरबत गार केलं. मुरबाडच्या रानात भावेशच्या मित्रांसोबत दोन रात्री तंबूतही राहिलो. खोक्यावरचं चित्र खरं निघालं, फक्त माणसं एवढी हसरी नव्हती, डास फार होते. मग पावसाळा आला आणि मला सगळे विसरले. कोणीतरी माझ्यात कांदे भरले. पुढे कांदे काढले, पण झाकण घट्ट लावून टाकलं. आत बुरशी धरली, असा वास सुटला की मलाच मळमळे. लेकीचं बाळंतपण उरकून वाशीमहून परतलेल्या काशीने मला शोधून काढलं, लिंबू-मीठ लावून घासलं, उन्हात वाळवलं. तेव्हापासून रिकामा असलो की माझं झाकण चार बोटं उघडं असतं. फटीत एक लाकडाचा तुकडा आणि त्याला बांधलेली ती सुतळी.

परवा करिष्मा लेकीला घेऊन आली होती. थंडीचे दिवस. पडवीत माझ्याशेजारी तेजस्वी झोपली, तर अनंता आजोबांनी तिच्यावर एक दुलई घातली, मग दुसरी, मग गोधडी. पोरीचं नुसतं कपाळ दिसत होतं, गाल लालबुंद झाले होते. काशी आतून आली. तिने हात उलटा करून नातीच्या मानेला लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि वरची गोधडी आणि एक दुलई काढून घेतली.

“अवो, तिला श्वास घेऊ द्या,” ती म्हणाली. “ह्या फ्रिजला इचारा.”

तर मित्रांनो, मला विचारलंत तर मी एवढंच सांगेन. माया जरूर करा, आम्हा यंत्रांवरही करा. पण पांघरूण घालण्याआधी हात लावून बघा, आणि जाळी तेवढी मोकळी ठेवा.