हिरव्या ठिपक्यांमागचा आवाज

माझ्या डाव्या कानाच्या गादीवरचं काळं आवरण सुटत चाललं आहे. आधी खालच्या कडेला, जिथे जबड्याचा घाम साचतो तिथे, एक पापुद्रा उचलला गेला. मग तो सुकून वळला आणि गळून पडला. आता आतला पिवळट स्पंज दिसतो. उजवी गादी मात्र अजून गुळगुळीत आहे. वर्गातल्या मुली माझा डावा कान नीट बसवत आणि उजवा वर सरकवून ठेवत, म्हणजे शेजारणीचं बोलणं ऐकू येई.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. तोंडाजवळ वळवायची माइकची दांडीही मला आहे. मी कोणत्या कारखान्यात तयार झालो ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्थानकासमोरचं मोबाईलचं दुकान. तिथे मी खुंटीला लटकून धूळ खात होतो. मंजुषाताईंनी मला खाली काढलं, दोन्ही कानांनी ऐकून पाहिलं आणि घरी आणलं. स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी मला पुसलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मंजुषाताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. जर्मन भाषा त्या घरीच, इंटरनेटवरच्या फुकट धड्यांवरून शिकल्या होत्या. नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मनीत काम मिळतं, पण आधी भाषा यावी लागते, हे कळल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. साधनं अगदी साधी होती. लॅपटॉपवर इंटरनेटच्या एका पानावर चित्रांचे पत्ते बनवता येत. एका पानावर वाक्य कासवाच्या गतीने ऐकता येई. आणि एक पान आवाज भरण्याचं होतं. वाक्य ऐकायचं, माझ्या दांडीत तसंच बोलायचं. उच्चार जमला की धड्यापुढे हिरवा ठिपका उमटे, नाही जमला की लाल.

मुलींच्या घरी फोन एकेकच, तोही भावाच्या खिशात. म्हणून ताईंनी सगळ्यांसाठी एकच खातं उघडलं आणि त्यात प्रत्येकीचे धडे वेगळे लावले. दुपारी ताई कॉलेजात असत. तेव्हा मुली येऊन सराव करत, आणि संध्याकाळी ताई ठिपके पाहत.

त्या मुलींमध्ये शेलूबाजारची फरहीन सर्वांत तयार होती. तिचं वाक्य माझ्यातून स्वच्छ उतरे. योगिनी गावातलीच. वाशिमच्या एका दवाखान्यात तिची नोकरी होती. सरावाला दुपार मोकळी हवी म्हणून तिने ती सोडली. परतीचे दोर तिने स्वतःच कापले होते. ती मला कानावर घाले तेव्हा तिच्या मानेची शीर उडताना मला जाणवे.

"मेलं हे लालच होऊन राह्यलं," ती एका दुपारी रडकुंडीला आली.

दारात तूर निवडत बसलेल्या कस्तुराबाई, ताईंच्या सासूबाई, म्हणाल्या, "काहून व, एवढ्या जनी बसल्या न् हिची पात मांगं राह्यली? आमी निंदाले जात होतो तं जिची पात मांगं पडे तिले हात लावू लागो. सगळ्या बाया संगंच धुऱ्यावर निंघत."

पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला आलेली ओळ. फरहीन हसली. "आन इकडे. तुझी पात मी काढतो."

तिने मला आपल्या कानावर चढवलं, योगिनीचा धडा उघडला आणि वाक्य बोलली. हिरवा ठिपका उमटला. योगिनीने तिला मिठीच मारली.

त्यानंतर ती रीतच पडली. जिचं अडे तिचं फरहीन बोले. कोणाच्या मनात लबाडी नव्हती. मागे पडलेल्या मैत्रिणीला शेताच्या कडेपर्यंत सोबत आणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ताई पडदा उघडत आणि हिरवे ठिपके पाहून त्यांचा दिवसभराचा शीण उतरे. ठिपक्यांचा आकडा दिसला की त्यांचा विश्वास बसे. भरलेला आवाज त्यांनी कधी ऐकला नाही. त्या वेळी मी खुंटीवर असे.

ताईंचे पती जगदेवराव स्प्रिंकलरचे पाईप विकत. त्यांना ती खोली मालासाठी हवी होती. "जर्मनी काय शेलूबाजारच्या पुढं हाये का, जीपमंदी बसून जायले?" ते विचारत. "मंग, काय ठरलं खोलीचं?"

"पाहू," ताई म्हणत.

मग मुलाखतीचा दिवस आला. जर्मनीतल्या दवाखान्यातल्या बाई पडद्यावर दिसणार होत्या, आणि एका वेळी एकीनेच खोलीत बसायचं होतं. फरहीन हसत आत गेली आणि हसत बाहेर आली. नंतर योगिनी बसली. माझे दोन्ही कान तिने प्रथमच नीट लावले. बाईंनी सोपं विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? मला योगिनीचा फक्त श्वास ऐकू आला. बाईंनी पुन्हा, सावकाश विचारलं. योगिनीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. बाई मायेने काहीतरी बोलल्या आणि पडदा काळा झाला. तरी कितीतरी वेळ तिने मला काढलं नाही. माझ्यात नुसती घरघर होती, आणि ती तेवढीच ऐकत बसली.

फरहीनने रडत रडत ताईंना सगळं सांगितलं. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला कानांवर घातलं आणि भरलेले आवाज एकामागून एक लावले. नावं वेगवेगळी, पण आवाज एकच.

निवड झालेली फरहीन पुढच्या तयारीसाठी नागपूरला गेली. बाकीच्या मुली हळूहळू यायच्या थांबल्या. योगिनी मात्र येत राहिली. ताईंनी तिला स्वतंत्र खातं काढून दिलं. त्यात सगळे ठिपके लाल होते. ती बोलायला तोंड उघडे आणि आधी शेजारी पाही. ताई पुन्हापुन्हा शिकवत, पण त्यांनाही कधी कोणा जर्मन माणसाशी समोरासमोर बोलायला मिळालं नव्हतं. योगिनी रोज निघताना विचारे, "ताई, मले जमन ना?" आणि ताई म्हणत, "पाहू."

मित्रांनो, मी कान आहे, मला तोंड नाही. पण बोलता आलं असतं तर एवढंच मागितलं असतं. ज्याला एखादी गोष्ट येत नाही, त्याला तसं म्हणायला जागा द्या. त्याचं अडखळणं ऐकून घ्या. माझी गादी फाटली तर दुकानात दुसरी मिळेल. माणसाचा बसलेला आवाज असा बदलून मिळत नाही.

काल योगिनी आली ती बसलीच नाही. चप्पलही न काढता ती दारातच उभी राहिली.

"ताई, वाशिमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरचा फोन आल्ता. माह्या जागेवर उद्या दुसरी पोरगी घेऊन राह्यल्या. आजच हो का नाही सांगा लागते." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी म्हनान तं मी थांबतो."

कस्तुराबाईंचं सूप थांबलं. जगदेवराव खांद्यावर पाईप घेऊन दारात आले होते. आज त्यांनीही थट्टा केली नाही.

ताईंनी माझी वायर लॅपटॉपमधून ओढून काढली. ती हातावर गुंडाळायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. मी टेबलाच्या कडेवरून लोंबत राहिलो.

"योगिनी, सिस्टरले आत्ताच फोन लाव," त्या म्हणाल्या. "माह्याच्यानं तुले शिकवणं होत नाही. क्लास आजपासून बंद."