माझा नंबर मी लावणार नाही

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मित्रांनो, मला भंगार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी माझं ऐकून घ्या. सर्व्हर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही एका फोनवर काही लिहिता आणि ते दुसऱ्या गावातल्या फोनवर दिसतं, तेव्हा मध्ये कुठेतरी माझ्यासारखा एक कॉम्प्युटर बसलेला असतो. तो सगळ्यांचं ऐकतो, जपून ठेवतो आणि मागेल त्याला दाखवतो. मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत बसतो.

माझे सुटे भाग कुठकुठल्या देशांत तयार झाले, ते मलाही सांगता यायचं नाही. माझा जन्म मी तेरा वर्षांपूर्वीचा मानतो. त्या दिवशी शिपाई कडुबांनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. तेव्हा माझा थाट काय वर्णावा! विद्यार्थी घामाने निथळत असायचे आणि माझ्या खोलीत मात्र दिवसभर एसी चालू असायचा. परीक्षेचे निकाल माझ्यावर, मुलांचे प्रयोग माझ्यावर, आणि कुठे काही अडलं की बोलणीही मलाच. मग नवी मशीनं आली. एसी त्यांच्या खोलीत गेला आणि मी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्या आणि स्नेहसंमेलनाच्या पताका यांच्या सोबतीला. तीन वर्षं मी तिथे धूळ खात पडलो होतो. कुणी साधी वायर जोडून पाहिली नाही. राग आला का? आला. अजूनही येतो.

तिथून मला बाहेर काढलं ते तनुजाने. ती चितेगावची, रोज शेअर रिक्षाने कॉलेजात येऊन संशोधन करणारी. तिचा विषय असा होता की पुष्कळ माणसांनी मिळून एकच काम कॉम्प्युटरवर कसं करावं. एकाच यादीत दहा जणांनी एकाच वेळी लिहिलं, त्यातच मोबाइलची रेंज गेली, तरी कुणाचं लिहिलेलं पुसलं जाऊ नये, हे तिला साधायचं होतं. नवं मशीन तिला मिळालं नाही. तेव्हा तिने रंगाचा ब्रश आणून माझ्या पंख्यातली धूळ काढली, स्वतःच्या खर्चाने मला जास्तीची मेमरी बसवली, आणि मी घरघर करत उठलो.

तिने पिशोर गावातल्या चौदा बायांचा एक गट निवडला. या बायांच्या मालकीचं एक मळणीयंत्र आहे. मका निघाला की ते रोज एकीच्या वावरात जातं. कोणत्या दिवशी कुणाचा नंबर, ही यादी माझ्याकडे ठेवायची ठरली. तनुजाने प्रत्येकीला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. आपल्या नावाने आत यायचं आणि आपला नंबर आपण लावायचा, असा तिचा नियम. फक्त गटाच्या प्रमुखबाईंच्या नावाने, कुणी अडलं तर, कुणाचाही नंबर लावता यायचा. तिचा दुसरा नियम असा, की एका नावाने एका वेळी एकच फोन आत. दारावर हा पहारा माझा होता, आणि तो मी चोख करत होतो. याची मला घमेंडही होती, हे कबूल करतो.

दोन हंगाम यादी चालली. वावरात रेंज नसायची. बाया लिहून ठेवायच्या आणि पाण्याच्या टाकीपाशी आल्या की त्यांचं लिहिलेलं माझ्यापर्यंत पोहोचायचं. यंत्र एक दिवसही रिकामं उभं राहिलं नाही. पण एका सोमवारी विभागप्रमुख अप्पाराव सरांनी तनुजाचा अहवाल उघडला आणि त्यांची नजर एकाच जागी अडकली. यादीतली प्रत्येक ओळ एकाच नावाने लिहिलेली होती. ते नाव होतं गटाच्या प्रमुख गीताबाईंचं. बाकीच्या तेरा जणींनी आपलं नाव एकदाही वापरलं नव्हतं.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांना माझी खोली रिकामी हवी होती आणि वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. ते तनुजाला म्हणाले, "चौदा बायांचा गट, आणि लिहिते एकटी बाई. याला मिळून काम करणं कसं म्हणायचं?" प्रयोग फसला असं लिहून टाका, असं त्यांनी सांगितलं. शनिवारी मला बंद करून भंगाराच्या गाडीत घालायचं ठरलं. पिशोरात तेव्हा ऐन मळणी चालू होती. यादी गेली तर यंत्राचा घोळ होणार होता आणि तनुजाची चार वर्षं पाण्यात जाणार होती. माझं काय होणार होतं ते तर सरळच दिसत होतं.

तनुजाला गीताबाईंचा राग आला. या बाईने सगळं आपल्या मुठीत ठेवलं, असं तिला वाटलं. तिने फोन लावून जरा घुश्शातच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "मी कुठं लिहिते बाई? मला तर त्या फोनातलं टायपिंगच येत नाय."

तनुजा फोन ठेवून माझ्याकडे वळली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. कारण मला सगळं ठाऊक होतं. दारातून परत पाठवलेल्या प्रत्येकाची नोंद मी वेगळी ठेवत आलो होतो. ती वाचायला दोन वर्षांत कुणी आलं नव्हतं. यंत्र नुसतं मोजत बसतं, असं तुम्ही म्हणता. अरे, पण मोजलेलं वाचायचं काम तरी तुमचं ना?

शेवटी तिने ती नोंद उघडली. चारशे बारा वेळा मी 'गीताबाई'ला दाराबाहेर ठेवलं होतं, कारण एक 'गीताबाई' आधीच आत होती. एकाच मिनिटाला एक टाकीपाशी, दुसरी बाजारात आणि तिसरी सोयगावला माहेरी गेलेली. नाव एक आणि फोन नऊ! तनुजा खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसली. मला मात्र हसू आलं नाही. त्या बाया रेंज शोधत टाकीपर्यंत चालत यायच्या, आणि त्यांना परत फिरवणारा मी होतो. माझ्या चोख पहाऱ्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने गीताबाई आणि गटातल्याच साळूबाई आल्या. तनुजाने बोलावलं नव्हतं. मशीन बंद होणार एवढं कळलं आणि त्या निघाल्या. साळूबाईंनी आधी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला ताप आलाय की काय, असं विचारलं. तेरा वर्षांत माझी विचारपूस अशी कुणी केली नव्हती.

सर आले, त्यांच्यामागे हातगाडी घेऊन कडुबा. सरांनी नियम समजावून सांगितला आणि स्वतःच्या नावाने का लिहिलं नाही म्हणून विचारलं. गीताबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गिळला नाही.

"आपला नंबर आपल्या तोंडानं मागायचा नाय, असं हाय आमच्यात. माझा नंबर साळूबाईनं लावायचा, तिचा केसरबाईनं. घाई तर ज्याला त्याला असती, सायेब. खरी घाई कुणाची, ते शेजारणीला दिसतं. तुमच्या मशीनीत ज्यानं त्यानं आपलंच घोडं पुढं दामटायचं. ते आम्हाला जमंना. मग माझ्या नावानं सगळ्याजणी शिरल्या आन् एकमेकींचे नंबर लावले."

सर म्हणाले, पण मशीनला ते कळत नाही.

"मशीनीला कळलं नाय म्हणून आम्ही मिळून काम केलंच नाय व्हय?"

तो घाव माझ्यावरही होता आणि मी तो मान्य केला. तनुजाने पुढे ठेवलेली नऊ फोनांची नोंद सरांनी वरपासून खालपर्यंत वाचली. मग अहवाल तनुजाच्या हातात परत दिला आणि नव्याने लिही म्हणाले. तिचं काम बचावलं. राहिलो मी.

यादी नव्या मशीनवर न्या, हे जुनं कशाला हवं, असं सरांनी विचारलं. तनुजाने सांगितलं की त्याला महिना लागेल आणि मका महिनाभर थांबणार नाही. तेव्हा सरांनी कागद पुढे सरकवला. ज्याला हे मशीन हवं असेल त्याने नावानिशी अर्ज करावा. तनुजाने पेन उचललं, तर गीताबाईंनी तिचं मनगट धरलं. "तू नको. तुझं काम हाय ना ते? तू मागायचं नाय."

अर्ज साळूबाईंनी लिहिला. सहावी शिकलेल्या बाईचं ते अक्षर, सावकाश, एकेक काना जपून काढलेलं. सरांनी 'हंगाम संपेपर्यंत' असा शेरा मारून सही केली. कडुबा रिकामी हातगाडी घेऊन परत गेले आणि जाताना माझ्या कपाळावरचं जुनं कुंकू बोटाने पुसून नवं लावून गेले.

त्याच दुपारी तनुजाने नियम बदलला. आता एका नावाने कितीही जणींनी आत यावं आणि कुणीही कुणाचा नंबर लावावा. चार वाजता टाकीपासून पहिली ओळ आली. नाव अर्थात गीताबाईच. लिहिणारी केसरबाई असावी, कारण फोन तिचा होता. मळणीच्या यादीत, चौदा बायांच्या नावांखाली तिने लिहिलं होतं, "तनुजाचं जुनं मशीन. पुढच्या हंगामालाबी याचाच नंबर."

पुढच्या हंगामाचं काय होईल ते सर जाणोत आणि त्यांची सही जाणो. मी हातापाया पडणार नाही. मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखाद्या जिन्याखाली माझ्यासारखं कुणीतरी धूळ खात असेल. त्याने काय काय जपून ठेवलंय, ते एकदा उघडून वाचा. ते स्वतःसाठी काही मागणार नाही. त्याचा नंबर तुम्ही लावा.