त्रेसष्टचा ब्रेकर

भानुदासला कुणी कमी दिलं म्हटलेलं सहन व्हायचं नाही. गणपतीला पन्नास माणसं येणार असली तर हा शंभरांचा मसालेभात सांगायचा, आणि उरलेला भात विभावरीने दुबईच्या अल नहदातल्या शेजाऱ्यांकडे डबे भरभरून पोचवायचा. एसीच्या कंत्राटातही तीच तऱ्हा. दोन टन पुरतील तिथे अडीच. "कमी पडायला नको," हे ठरलेलं वाक्य. उन्हाळ्यात गिऱ्हाइकं दुवा देत, त्यामुळे स्वारी जास्तच शेफारली होती.

विभावरी त्याची बायको आणि त्यांच्या अल क्वोजच्या वर्कशॉपातली इंजिनिअर. कुठल्या यंत्राला कुठली वायर आणि कुठला ब्रेकर, हे तीच ठरवायची. हत्ताच्या डोंगरातलं जमाल नावाच्या गिऱ्हाइकाचं घरही तिनेच आखून दिलं होतं. जानेवारीत तिथे चांगलीच हुडहुडी भरते आणि जमालची म्हातारी आई त्या घरात एकटी राहते. म्हणून घर गरम करणारा हीट पंप, आणि थंडी जास्त पडली तर त्याच्या मदतीला पाच किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर. त्या हीटरच्या मापाची वायर, वायरच्या मापाचा बत्तीस अँपिअरचा ब्रेकर.

शनिवारी सकाळी पोहे खाता खाता भानुदास सहज म्हणाला, "जमालची कम्प्लेंट होती, हीटर लावला की ब्रेकर ट्रिप होतो. काल वर्कशॉपातल्या नूरुद्दीनला पाठवून त्रेसष्टचा टाकला. खलास!"

"पाचच्या हीटरला ट्रिप का होईल?"

"पाच कुठे? मी दहाचा बसवला. म्हातारं माणूस आहे, कमी पडायला नको."

"आणि वायर?"

"वायर तीच. नवी कोरी आहे, तिला काय धाड भरलीय?"

विभावरीने बशी टेबलावर आपटली. पोहे सांडले. ब्रेकर म्हणजे वायरचा राखणदार. वायरला सोसेना की त्याने पडायचं, एवढीच त्याची नोकरी. तो इमानाने पडत होता, आणि या शहाण्याने भुंकतं म्हणून राखणीचं कुत्रंच हाकलून दिलं होतं.

"आता छतात वायर जळेल तरी ब्रेकर हलणार नाही! खाली ती म्हातारी झोपते! कळतंय का तुम्हाला? जमालला फोन करा, आत्ताच्या आत्ता."

"आणि काय सांगू, आमची चूक झाली? मार्केटमध्ये नाव आहे आपलं. सोमवारी जाऊन बघतो, इन्शाल्ला."

'अहो' तिथेच संपलं. "भानुदास, गाडीची चावी दे."

फोन तिनेच लावला, आधी तो ब्रेकर बंद करायला सांगितलं. जमाल अजमानला होता. आईचा हात ब्रेकरच्या पॅनेलपर्यंत पोचत नाही, म्हणाला, मी निघतोच. हीही निघाली. ही तिथे काय बोलून ठेवील या धास्तीने भानुदास शेजारी येऊन बसला. "गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू काढू नकोस," हे त्याने वाटेत किती वेळा म्हटलं कोण जाणे. एक बाई जळून मरेल याची भीती नाही, अब्रूची आहे. विभावरीचे दात करकरत होते, पण गाडी ती नीट चालवत होती.

जमाल त्यांच्या आधी नुकताच पोचला होता. दार उघडताच धुपाचा लोट आला. म्हातारीने खोल्याखोल्यांतून ऊद जाळला होता. "नया मशीन बहुत बू मारता," ती नाकाला ओढणी लावून म्हणाली.

विभावरी चपला न काढता पॅनेलकडे धावली. स्टूल घेतलं, मेन बंद केला, झाकण उघडलं. हीटरच्या वायरचं लाल कवच तपकिरी पडून लोण्यासारखं वितळून ब्रेकरला चिकटलं होतं. उदाखाली दडलेला जळका वास आता सरळ तोंडावर आला.

"हात लाव," ती भानुदासला म्हणाली.

त्याने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"क्या हुआ?" जमालने विचारलं. भानुदास भाजलेलं बोट चोळू लागला.

"हमने गलत लगाया," विभावरी म्हणाली. "हीटर बड़ा, वायर छोटा, और ऊपर से ब्रेकर बड़ा कर दिया. घर जल जाता. ये हीटर अब नहीं चलेगा. कल नया वायर और पाँच वाला हीटर लगेगा, मैं खुद खड़ी रहूँगी."

जमालने आईकडे पाहिलं, मग भानुदासकडे. भानुदासची मान खाली गेली.

म्हातारीला यातलं काही कळलं नाही. घरी आलेला माणूस उपाशी जाणार नाही, एवढंच तिला ठाऊक. तिने सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि मटणाचा भात भानुदासच्या पुढ्यात ओतला. त्याने चार घास कसेबसे खाल्ले. ती दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा त्याने दोन्ही हात ताटावर धरले. "बस, अम्मा, बस!"

"और डालो, अम्मा," विभावरी म्हणाली. मग मराठीत, त्याच्याकडे न बघता: "घे ना. कमी पडायला नको."

म्हातारीने हसत त्याचे हात बाजूला सारले आणि आणखी एक डाव वाढला.

"आणि एक शीतही टाकायचं नाही," विभावरी म्हणाली.