राणीच्या हातातलं तबक

चहाच्या कपाखाली पितळेचं काहीतरी चकाकतंय ना, ते मीच. मी तबक बोलतोय. चहा चांगलाच गरम आहे, तो निवेपर्यंत माझी गोष्ट ऐका. आज माझ्यावर कप आणि दोन खारी दिसताहेत, पण एके काळी माझ्यावर अख्ख्या राज्याची लाज ठेवलेली असायची. बढाई वाटत असेल, तर आमच्या दुबलगुंडी गावात कुणालाही विचारा.

हुमनाबादच्या एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. राजेश्वर गावच्या एका बापानं मला लेकीच्या रुखवतात ठेवलं आणि पाठीवर तिचं नाव कोरून घेतलं, शोभा. मी मनाशी म्हटलं, चला, आता जन्मभर हळदीकुंकू आणि ओवाळणं. पण माझ्या नशिबात नाटक होतं.

शोभाबाईंचा नवरा गुंडेराव म्हणजे तूर आणि ऊस पिकवणारा सरळ शेतकरी गडी. मिशा अशा भरघोस, की आधी त्या दिसायच्या आणि मग माणूस. पण जत्रा जवळ आली की त्या उतरायच्या, कारण जत्रेच्या मराठी नाटकात राणीचं काम त्यांच्याकडं असायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला शोभाबाईंचे वडील आले. मिशा काढलेला जावई दारात बघून त्यांना वाटलं, व्याही गेले. त्यांनी तिथंच गळा काढला. तेवढ्यात आतून व्याहीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. हा किस्सा शोभाबाई अजून सांगतात आणि अजून हसतात.

त्याच जत्रेत गुंडेरावांनी मला एका दिवसापुरतं मागून नेलं. बायकोच्या बांगड्या आणि रेशमी लुगडंही नेलं. लुगडं परत आलं. मी मात्र राणीचाच झालो.

नाटक असं. राजा दूर लढाईवर, इकडं शत्रूनं गड वेढलेला. राणी तबकात विडा ठेवून दरबारात फिरते आणि विचारते, वेढा फोडून राजाला निरोप कोण पोचवणार? विडा उचलेल त्यानं काम तडीस न्यायचं, नाहीतर तोंड दाखवायचं नाही. सरदार एकेक करून मान खाली घालतात. शेवटी एक तरुण शिलेदार विडा उचलतो. मग काय, घोडा, तलवार, टाळ्या. गोष्ट त्याच्यामागं धावत सुटते आणि राणी जागच्या जागी राहते. एकदम शेवटच्या अंकात, त्याला ओवाळायची वेळ आली की सगळ्यांना तिची आठवण होते. शूरांच्या सगळ्याच गोष्टींत राणीचं हे असं. मधला वेळ तिनं कसा काढला, हे कुणी विचारत नाही.

गुंडेरावांनी विचारलं, आणि तेही बायकोला. शोभाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"वाट बघणारी बाई कशी उभी राहती गं?"

"उभी कुठं राहती?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "वाटंकडं बघायलीय असं कुणाला कळू न्हाई म्हणून हाताला काम लावून घेती."

त्या सालापासून शिलेदार निघून गेला की दुबलगुंडीची राणी खाली बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि पदरानं पुसत राहायची. तोंडातून शब्द नाही. नाटक बसवणारे आणि पेटी वाजवणारे सिद्धेश्वर मास्तर आधी कुरकुरले. पण बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागलेले दिसले, तसे ते गप्प झाले. लोक गुंडेरावांचं कौतुक करायचे. राणी खरी कुणाची होती, ते आम्हा तिघांना ठाऊक होतं.

अशा कितीतरी जत्रा गेल्या. मग गुंडेरावांचे हात कापायला लागले. पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. यंदा मास्तर घरी आले, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि मग हळूच म्हणाले की राणीसाठी शहरातून बाई आणावी म्हणतो. गुंडेरावांचा चेहरा एवढासा झाला.

"एवढी जत्रा करू द्या मास्तर," ते म्हणाले. "राणीला निरोप तरी घेऊ द्या."

मास्तरांना नाही म्हणवेना. यंदा मिशा शोभाबाईंनी उतरवल्या, कारण गुंडेरावांच्या हातात वस्तरा द्यायची सोय नव्हती.

हल्ली माईक लवकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहतं. राणी मला घेऊन दरबारात आली आणि माझ्यावरच्या सुपाऱ्या खडखडू लागल्या. माईकनं तो आवाज गावभर पोचवला. मागच्या पोरांत कुणीतरी फिसकन हसलं. पहिल्या सरदारापर्यंत राणी कशीबशी गेली आणि तिथंच तिचे पाय थबकले. विडा घसरत माझ्या काठाशी आला. विडा खाली पडणं म्हणजे मोठा अपशकुन. नाटक तर मोडतंच, पण त्या हातांचा राणीपणाही त्याच क्षणी संपला असता. शिलेदार झालेला राजपाल, हुमनाबादच्या शाळेतला शिक्षक, रांगेच्या शेवटी तळमळत उभा होता. सरदारांनी आधी मान खाली घातल्याशिवाय त्याला हलता येत नव्हतं. पावडरवरून घामाचा ओघळ माझ्यावर टपकला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. गुडघ्यावर हात टेकत, पायऱ्या चढत शोभाबाई वर आल्या आणि विडा उचलला.

पेटी थांबली. "अक्का, तुम्ही कामून वर आलाव?" मास्तर कुजबुजले, तेही माईकमधून सगळ्यांनी ऐकलं. पण विड्याचा नियम लेकरालाही माहीत होता. आता गड वाचवायचा तर शोभाबाईंनीच. कुणी हसलं नाही.

शोभाबाईंनी राणीकडं बघितलं. मग राजपालला जवळ बोलावून त्याच्या हातात विडा ठेवला.

"जा बाबा. घोडा घेऊन तू जा. राणीपाशी मी थांबते."

राजपाल त्यांच्या पाया पडला. ते नाटकात नव्हतं. मग तो गेला, पण या वेळी त्याच्यामागं कुणाची नजर धावली नाही. सगळं गाव राणीकडं बघत होतं. माझ्या पाठीखाली गुंडेरावांच्या हाताशेजारी दुसरा हात आला. थरथर काही गेली नाही, पण सुपाऱ्या वाजायच्या थांबल्या. दोघं खाली बसले. मांडीवर मी, आणि दोन पदर मला पुसत होते. शेवटच्या अंकात राजपालला ओवाळलं, तेही दोघांनी मिळून.

आता मी घरी आलोय, ज्या बाईच्या नावाचा होतो तिच्याकडं. पुढच्या जत्रेला नवी राणी येईल, नवं तबक येईल. त्यांचं चांगलं होवो. गुंडेरावांच्या मिशा पुन्हा आल्यात, पांढऱ्याशुभ्र, आणि आता त्या काढायच्या नाहीत असा घरात हुकूम आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं. लेकरांना शूरांच्या गोष्टी जरूर सांगा. पण घोडा उधळला की लगेच त्याच्यामागं पळू नका. घटकाभर राणीपाशी बसा.

बघा, बोलता बोलता चहा निवला. गुंडेरावांनी मला उचललंय आणि कप वाजायला लागलाय. त्यांची बोटं माझ्या पाठीवरच्या नावावर आहेत. चुलीपुढून शोभाबाई उठल्या, हात पुसला, आणि तो हात माझ्याखाली आला. आता कप वाजत नाही.