किओज्जाची बोट, व्हेनिसचा पूल

नेरिनाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही यांपैकी एक शब्द बोलायचा होता, आणि सकाळी साडेसहाला बोटीत पाय टाकताना तो कोणता असेल हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

विचारणारा होता ओरेस्ते. बासष्ट वर्षांचा, विधुर, स्वतःच्या लाकडी बोटीतून खाडीतले खेकडे आणि शिंपले काढणारा. नेरिना अठ्ठावन्न वर्षांची, विधवा. व्हेनिसच्या खाडीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या किओज्जा गावच्या मासळीबाजारात तिचा ओटा होता, आणि तिच्याशी घासाघीस करण्याआधी गिऱ्हाइकं दोनदा विचार करत. आठ महिने ओरेस्ते रोज बाजार उठताना यायचा आणि ओटा धुवायला तिला पाणी भरून द्यायचा. मार्चमध्ये त्याने एकदाचं विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" ती म्हणाली, "सान मार्कोच्या दिवशी सांगते." संत मार्कोच्या सणाला, म्हणजे पंचवीस एप्रिलला, आमच्या खाडीकाठी पुरुष आपल्या आवडत्या बाईला गुलाबाची कळी देतो. कळी घेतली म्हणजे होकार दिला असं नाही, हे तिने आधीच बजावून ठेवलं होतं. सणाला तिला आपल्या बोटीतून व्हेनिस दाखवायचं, हे ओरेस्तेने ठरवून टाकलं.

तिला ओरेस्ते आवडत होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अडचण वेगळीच होती. तिचा पहिला नवरा सिल्विओ, देव त्याला सुखात ठेवो, मनाने चांगला होता. पण सत्तावीस वर्षांत ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. एकदा तो तिला मावसभावाच्या लग्नाला म्हणून घेऊन निघाला आणि भलत्याच गावातल्या भलत्याच लग्नात जाऊन बसला. तिथे पोटभर जेवला, नवरानवरीला आहेर दिला, आणि परतताना म्हणाला, "मी मुद्दामच इकडे आणलं. त्यांच्याकडचं जेवण कधी धड नसतं." लोक पोट धरून हसले. नेरिनाही हसली. पण अशा माणसाशी झालेलं भांडण मिटवायला दर वेळी आपल्यालाच पुढे व्हावं लागतं, आणि सत्तावीस वर्षं पुढे होऊन होऊन ती दमली होती. ओरेस्ते चुकल्यावर कसा वागतो, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. आणि हा लबाड आठ महिन्यांत एकदाही चुकला नव्हता!

"ही केबिन कधी केलीस?" बोटीच्या मधोमध उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या लाकडी खोलीकडे बघत तिने विचारलं.

"हिवाळ्यात. तुला वारा लागू नये म्हणून. आत ताठ उभं राहता येतं बघ."

ती आत ताठ उभी राहिली. तिला भरून आलं, पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "भरतीचा तक्ता पाहिलास ना निघताना?"

"तक्ते शहरातल्या लोकांसाठी असतात, नेरिना. मला माझ्या गुडघ्यात कळतं."

दोन तासांनी ते व्हेनिसला पोचले तेव्हा ओहोटी होती. ओरेस्ते मोठ्या कालव्याच्या गर्दीत शिरलाच नाही. त्याने बोट एका अरुंद कालव्यात घातली, एका ठेंगण्या पुलाखालून अलगद काढली आणि पलीकडच्या खांबाला बांधली. केबिनचं छप्पर आणि पुलाचा दगड यांच्यात वीतभर जागा होती. कालवा पुढे बंदच होता, त्यामुळे तिथे शांतता होती.

किओज्जाची माणसं व्हेनिसला जातात ती दवाखान्यात नाहीतर कचेरीत. नुसतं हिंडायला नेरिना आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि दहा वाजेपर्यंत तिला कळून चुकलं की आपल्याला हिंडायला भयंकर आवडतं. पाण्याच्या काठी ओरेस्तेने शर्टाच्या आतल्या खिशातून कळी काढली. ती जरा चेपली होती. नेरिनाने ती तशीच झग्याला खोचली. मग त्यांनी उभ्या उभ्या पांढऱ्या वाइनचा एकेक पेला घेतला, दुपारी सणाचा मटारभात खाल्ला, आणि एका छोट्या चौकात बाजा वाजत होता तिथे चार वेळा नाचले. ओरेस्ते चांगला नाचला. तिच्या पायावर त्याचा पाय एकदाही पडला नाही, आणि नेरिनाला त्याचा जवळजवळ रागच आला.

नाचाच्या नादात दक्षिणेचा दमट वारा सुटलेला दोघांच्याही लक्षात आला नाही. हा वारा समुद्राला ढकलत ढकलत खाडीत आणतो, हे आमच्याकडे रांगत्या पोराला ठाऊक असतं.

तीन वाजता ते बोटीपाशी आले. पाणी काठाच्या पायऱ्या चढून वर आलं होतं. ओरेस्तेने बोट सोडली, पुलापर्यंत नेली आणि थांबवली. केबिनचं छप्पर दगडाच्या कमानीला टेकलं. थोडंथोडकं नाही, चार बोटं उंच होत होतं.

नेरिना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आला तो क्षण.

"हा पूल," ओरेस्ते म्हणाला, "सकाळी एवढा खाली नव्हता."

"पूल खाली आला?"

"व्हेनिसवाल्यांचे पूल! यांचं सगळं शहरच खचत चाललंय. आणि या महिन्यात चंद्र असा वागतोय की..." त्याचे कान लाल झाले होते.

वरच्या खिडकीत बनियन घातलेला एक म्हातारा कोपर टेकून मजा बघत होता. "काय हो पाहुणे, किओज्जाचे ना? बोटीच्या रंगावरून ओळखलं! तुमच्या मांजराला बोलवा की ओढायला!"

सान मार्कोचा सिंह ही जुन्या व्हेनिस राज्याची खूण, आणि आमच्या किओज्जातही एका खांबावर तो सिंह आहे. तो आकाराने जरा लहान आहे, म्हणून व्हेनिसचे लोक त्याला मांजर म्हणतात. या एका शब्दावरून आजवर कितीतरी नाकं फुटली आहेत.

"आमचं आम्ही बघू!" ओरेस्ते ओरडला.

"बघा की. पण अजून तासभर पाणी चढणार. उतरायला रात्रीचे नऊ वाजतील. माणसं भरा बोटीत! दहाबारा माणसं बसली की बसेल खाली. मी येतो, शेजारीपाजारी येतील. नुसतं विचारा."

"व्हेनिसवाल्यांना विचारू? मी?" ओरेस्तेने बोट मागे घेऊन पुन्हा खांबाला बांधली, हाताची घडी घातली आणि नेरिनाकडे न बघता म्हणाला, "नाहीतरी मी मुद्दाम उशिराच निघणार होतो. रात्री खाडी छान दिसते."

मुद्दाम. सिल्विओचाच शब्द. दिवसभराचं सगळं, भात, नाच, चेपलेली कळी, त्या एका शब्दाने विझलं. तिला राग आला नाही, रडू आलं, आणि ते याला दिसू नये म्हणून तिने पिशवी उचलली आणि काठावर उतरली.

"कुठे चाललीस?"

"बसने जाते."

"अगं पण उत्तर?"

"तेही बसमध्येच देते," ती म्हणाली आणि पुलाच्या पायऱ्या चढू लागली. ती पुलाच्या मध्यावर पोचली. याच्यासाठी आपण नवा झगा शिवला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच कीव आली.

"ऐका हो!"

ती थांबली. ओरेस्ते बोटीच्या टोकावर उभा होता. टोपी हातात होती आणि चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला होता. तो तिच्याशी बोलत नव्हता, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी बोलत होता.

"ऐका! मी किओज्जाचा ओरेस्ते. चाळीस वर्षं पाण्यावर आहे. आज मी तक्ता बघितला नाही, वारा बघितला नाही, छपराची उंची मोजली नाही. पूल होता तिथेच आहे. चंद्राचाही काही दोष नाही. मी मुद्दाम थांबलो असं आत्ता बोललो, ते साफ खोटं. चुकलो मी! माझं चुकलं! मला माणसं पाहिजेत, जड असतील तर बरं!"

मग म्हातारा खिडकीतून नाहीसा झाला आणि खालचं दार उघडून बनियनवरच बाहेर आला. "नव्वद किलो," तो म्हणाला. "चालेल?"

पण पहिली बोटीत उतरली ती नेरिना. पुलावरून ती धावतच आली होती. "मी एकाहत्तर," ती म्हणाली, "आणि पिशवीचे तीन." ओरेस्तेने तिला हात दिला.

मग माणसं यायला लागली. म्हाताऱ्याची बायको आली, दोन जाड्या बहिणी आल्या, सणासाठी जेवायला आलेलं कुणाचं तरी अख्खं सासर आलं. "किओज्जाचा माणूस चुकलो म्हणाला! हे बघायला तरी यायलाच पाहिजे!" म्हणत एक पोटवाला खाटीक आला. चौदा माणसं झाली. बोट चार बोटं बसली, मग आणखी एक बोट.

"सगळे खाली वाका!" ओरेस्ते ओरडला. तो स्वतः केबिनच्या पुढे बोटीच्या टोकावर उभा राहिला आणि वरच्या दगडांना हात लावून बोट पुढे रेटू लागला. नेरिना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही रेटू लागली. कमान त्यांच्या डोक्यांपासून वितीवर होती. खाली अंधार, शेवाळ्याचा वास, आणि चौदा माणसांचं दाबलेलं हसू.

"हो," नेरिना म्हणाली.

"काय हो?"

"मार्चमध्ये विचारलेलंस ना. हो."

कमानीखाली शब्द घुमला, तो चौदाही जणांनी ऐकला. खाली एकदम हलकल्लोळ झाला. म्हातारा ओरडला, "हो म्हणाली रे!" आणि दोघी बहिणी रडायला लागल्या. बोट मात्र जागेवरच थांबली, कारण ओरेस्तेचे दोन्ही हात आता नेरिनाच्या चेहऱ्यावर होते.

"अहो, पाणी चढतंय!" खाटीक खालून ओरडला. "रेटा ना! आम्ही काय इथेच राहायचं?"

"चुकलो, चुकलो," ओरेस्ते म्हणाला.