एका घरापुरते उरलेले आडनाव

मी एक जुने आडनाव आहे. हसू नका मित्रांनो. छत्री बोलते, फाटकी चप्पल बोलते, नदीवरचा पूल बोलतो, ते तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मी तर माणसांच्या तोंडात आणि कागदावर साडेचारशे वर्षे काढली आहेत. माझे नाव बात्तिनेवे. इटलीतल्या डोंगरांत पिएत्रामोरा नावाचे गाव आहे, तिथे माझा जन्म झाला. आज त्या गावात, आणि तिथेही एकाच घरात, मी राहतो.

आमच्या गावावरच्या डोंगरावर हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. पूर्वी माथ्यावर दगडांनी बांधलेले खोल खड्डे होते. गडी फावड्यांनी बर्फ त्या खड्ड्यांत लोटत, आत उतरून लाकडी धुमसांनी ठोकून ठोकून तो घट्ट करत आणि वर पेंढा अंथरत. भर उन्हाळ्यात तोच बर्फ करवतीने कापून खेचरांवर लादला जाई आणि खाली शहरात जाई. कुणाच्या तापासाठी, कुणाच्या सरबतासाठी. त्या वेळी गावात नुन्त्सियो नावाचे तीन गडी होते. त्यांतल्या एकाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. पाद्रीने वही उघडली आणि बाळाला घेऊन आलेल्या सुइणीला विचारले, "बाप कोणता नुन्त्सियो लिहू?"

"तो बर्फ ठोकणारा," सुईण म्हणाली. "दुसरं येतंय काय त्याला?"

बर्फ ठोकणाऱ्याला आमच्याकडे बात्तिनेवे म्हणत. पाद्रीने तसे लिहिले, शाई वाळली आणि मी जन्माला आलो. टोमण्यातून जन्मलेल्याने गर्व करू नये हे खरे, पण मी केला. आमच्या माणसांचे कामच तसे होते. 'बात्तिनेवेंनी ठोकलेला बर्फ सप्टेंबर बघतो,' असे खालच्या शहरात म्हणत. शहरातले मोठमोठे लोक सरबताचा पहिला घोट घेताना माझे नाव काढत. तीनशे वर्षे मी या सुखात लोळलो.

मग शहरात बर्फाचा कारखाना निघाला. खड्ड्यांत काटेरी झुडपे वाढली. आमचे दोन भाऊ जहाजाने आर्जेन्टिनाला गेले. एकाने लग्नच केले नाही आणि दुसऱ्याला ओळीने पाच मुली झाल्या. तिसरा भाऊ पाद्री झाला, त्याचा प्रश्नच मिटला. चौथ्याचे घर तेवढे गावात उरले. आमच्या देशात मुलगी लग्नानंतरही माहेरचे आडनाव सोडत नाही, मरेपर्यंत सांभाळते. पण तिची लेकरे बापाच्या आडनावाने वाढत. त्यामुळे मुलींनी मला खूप जपले, तरी पुढे कुणाला देता आले नाही. मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरलो आणि मग एका बोटावर आलो.

त्यात घरातच मला एक सवत आली. तिचे नाव ग्रिल्लो, म्हणजे रातकिडा. आमच्या घरातले एक पणजोबा लहानपणी खिशात रातकिडा घेऊन चर्चमध्ये गेले होते. पाद्रीचे प्रवचन रंगात आले आणि खिशातून किर्र सुरू झाली. झाले, त्या दिवसापासून आख्खे घराणे ग्रिल्लो. पिएत्रामोरात प्रत्येक घराला असे एक टोपणनाव असते आणि बापाकडून लेकराला तेच मिळते. खरे आडनाव बाप्तिस्म्याला लागते, शाळेच्या हजेरीला लागते आणि शेवटी मृत्यूच्या पत्रकावर लागते. बाकी वेळ मी कपाटातल्या लग्नाच्या कोटासारखा टांगलेला. खरे सांगतो, ग्रिल्लो म्हणून कुणी हाक मारली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

त्या घरातले शेवटचे दोघे म्हणजे वितालियानो आणि त्याची एकुलती एक मुलगी एर्सिलिया. वितालियानो सुतार होता. रोज दुपारी कॉफीच्या दुकानाबाहेर तोर्क्वातो नावाच्या मित्राबरोबर पत्ते खेळायचा. पन्नास वर्षे त्यात खंड नाही. एर्सिलिया गावची पोस्टमन. गावात सगळ्यांची खरी आडनावे ठाऊक असणारी ती एकटीच होती, कारण तिचे पोटच त्यावर चालत होते.

तिचे लग्नही माझ्या धंद्यातल्या एका अडचणीमुळेच जमले. रुस्सो हे आडनाव आमच्याकडे पायलीचे पन्नास. गावात रुस्सोंची एकोणचाळीस घरे आणि त्यांत क्विरिनो रुस्सो नावाचे चौघे. एका क्विरिनोची पत्रे नेहमी बाकी तिघांकडे फिरून यायची. तो तक्रार करायला पोस्टात आला आणि तक्रार करायला रोजच येऊ लागला.

लग्नानंतर काही वर्षांनी एर्सिलियाला दिवस राहिले. नुकताच कायदा बदलला होता. आईबाप दोघे राजी असतील तर बाळाला आईचे आडनाव देता येत होते. तिने ते बापाला सांगितले तेव्हा वितालियानो रंधा मारत होता. त्याचा हात थांबला.

"देशील?" त्याने विचारले.

"तुम्ही म्हणाल तर."

"मी कशाला म्हणू? बाळ तुझं," असे म्हणून तो पुन्हा रंधा मारू लागला. पण त्या दिवशी त्याने ती फळी गरजेपेक्षा बरीच पातळ केली. मला छाती नाही, तरी ती फुगली.

पुढच्याच महिन्यात वितालियानो आजारी पडला. त्याला शहरातल्या इस्पितळात नेले. पंधरा दिवस एर्सिलिया त्याच्या उशाशी होती. तिथेच तो गेला. शहरातल्या माणसांनी पेटी आणली, सामान आणले आणि पत्रक छापायला मजकूर मागितला. आमच्याकडे कुणी गेले की भिंतींवर पत्रके लावतात आणि ती वाचून लोक प्रेतयात्रेला येतात. रडून डोळे सुजलेल्या त्या पोरीने रोजच्या सवयीने पोस्टाच्या पाकिटावर लिहावे तसे लिहून दिले. 'बात्तिनेवे वितालियानो, वय एक्याऐंशी.' खाली 'मुलगी व जावई' आणि वेळ. एरवी माणूस गावातच जातो आणि बातमी तोंडोतोंडी फिरते, म्हणून 'ग्रिल्लो' लिहायचे कुणाच्या लक्षातच आले नाही.

सकाळी गावभर पत्रके लागली. एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधीच छापला गेलो नव्हतो. कबूल करतो, दुःखातही मला थोडे बरे वाटले. एक पत्रक कॉफीच्या दुकानाबाहेरच्या भिंतीवर होते. त्याच्याच खाली तोर्क्वातो येऊन बसला.

"कोण गेलं गं हे?" त्याने दुकानाच्या मालकिणीला विचारले.

"असेल कुणी शहरातला," कप पुसत फेलिचेत्ता म्हणाली. "म्हातारपणी हवापालट करायला येतात आणि इथेच कायमचे राहतात."

"बात्तिनेवे! काय एकेक आडनावं असतात लोकांची." तोर्क्वातोने पत्ते पिसले. "आणि हा ग्रिल्लो कुठे मेलाय? पंधरा दिवस झाले इस्पितळात लोळतोय. जाताना डाव अर्धा टाकून गेला, हरत होता म्हणून!"

चर्चची घंटा वाजली. तोर्क्वातोने रीतीप्रमाणे टोपी काढली, पुन्हा घातली आणि एकट्यानेच पत्ते मांडले.

चर्चमध्ये आठ माणसे होती. एर्सिलिया, क्विरिनो, क्विरिनोची आई लोरेता, पाद्री आणि पेटी उचलायला आलेले शहरातले चौघे. एर्सिलिया सारखी दाराकडे बघत होती. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तिच्या बापाची शेवटची भेट मी एकट्याने सांभाळायला घेतली होती आणि मला कुणी ओळखलेच नाही.

"आख्ख्या गावाची पत्रं मी दारात नेऊन देते," घरी आल्यावर ती क्विरिनोला म्हणाली, "आणि माझ्या बापाला निरोप द्यायला एक माणूस आला नाही. बाळ रुस्सोच होऊ दे. हे आडनाव माझ्यापाशीच संपू दे. इतक्या कोडग्या गावात कशाला ठेवायचं ते?"

क्विरिनोने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. माझे भविष्य तिच्या पोटात होते आणि ती माझ्याकडे पाठ फिरवून बसली होती.

चौथ्या दिवशी ती पोस्टाची पिशवी घेऊन कामावर निघाली. कॉफीच्या दुकानापाशी तोर्क्वातोने तिला हाक मारली. "काय गं पोरी, बाप कधी परततोय? की तिथल्या नर्सच्या प्रेमात पडला म्हातारा?"

एर्सिलियाने खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली.

"तोर्क्वातोकाका, बाबा गेले. सोमवारी पुरलं त्यांना."

"गेला? आणि असं चोरून पुरलंस? कार्टे, आम्ही कोण, परके? मला एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला?"

"चोरून? गावभर पत्रकं लावली होती, काका! तुमच्या डोक्यावर आहे एक!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तोर्क्वातोने मान वर केली आणि एकेक अक्षर लावत मला मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि ती हातातच ठेवली.

"हा ग्रिल्लो?" तो म्हणाला. "पन्नास वर्षं समोरासमोर बसलो पोरी. मला वाटायचं, त्याचं आडनावच ग्रिल्लो. वितालियानो तर त्याला कुणी कधी म्हटलंच नाही." मग तो लहान मुलासारखा रडू लागला आणि आतून फेलिचेत्ता डोळे पुसत बाहेर आली. एर्सिलियाच्या मनातला चार दिवसांचा राग तिथेच निवला. गाव कोडगे नव्हते, तिचा बाप गेला हे गावाला कळलेच नव्हते.

आमच्याकडे मरणानंतर तिसाव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी प्रार्थना, होते. तोर्क्वातो स्वतः शहरात जाऊन त्या मिस्सेची पत्रके छापून घेऊन आला. वर मी, खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ग्रिल्लो. आम्ही दोघे एका कागदावर पहिल्यांदाच आलो. त्या दिवशी चर्चमध्ये उभे राहायला जागा नव्हती, लोक पायऱ्यांपर्यंत होते. त्यांना कोणी आणले हे मला पुरते ठाऊक आहे. शंभर वर्षे जिच्यावर जळलो, त्या सवतीने माझी लाज राखली.

मिस्सा झाल्यावर तोर्क्वातोने अंगणात एर्सिलियाला विचारले, "पण ते बात्तिनेवे म्हणजे काय गं?" तिने बर्फाचे खड्डे, धुमस, सगळे सांगितले. "म्हणजे तुमच्या घराण्याने पहिल्यापासून गावाला थंड ठेवलं," तो म्हणाला, "आणि आता देणार का बाळाला, की रुस्सोंची आणखी एक खोगीरभरती?"

लोरेताबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या उसळल्या. "रुस्सोंच्या घरात रुस्सोच जन्मतात! क्विरिनो, तुझा बाप असता तर तंगडं मोडलं असतं तुझं."

"आई, रुस्सो कधी कमी पडायचे नाहीत गं," क्विरिनो म्हणाला. "माझी पत्रं अजून चौथ्या दारी सापडतात. हे एकदा संपलं तर आणायचं कुठून?"

"मग आमचं म्हणून काय राहिलं त्या बाळात?"

एर्सिलिया सासूकडे बघत होती. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचे नाव ठेवायची जुनी रीत आहे. मुलगी झाली तर एर्सिलियाला तिचे नाव काहीतरी नवे, ऐटदार ठेवायचे होते आणि लोरेता हे नाव तिला अजिबात आवडत नव्हते, हे सासूलाही माहीत होते.

"आई," ती म्हणाली, "मुलगी झाली तर लोरेता."

लोरेताबाईंनी नाक ओढले. "आणि मुलगा झाला तर?"

"तर तुमच्या नवऱ्याचं नाव. रोज ज्या नावाने हाक मारायची ते तुमचं. कागदावरचं तेवढं माझ्या बाबांचं."

"रोजचं आमचं म्हणतेस?" म्हातारीने थोडा विचार केला. "मग चालेल. कागद कोण बघतंय!"

मला अपमान वाटायला हवा होता, पण माझा जीव भांड्यात पडला होता. मुलगी झाली. क्विरिनो कचेरीत गेला तेव्हा कारकुनाने रुस्सो लिहायला लेखणी टेकवलीच होती. "थांबा," क्विरिनो म्हणाला, "हिचं वेगळं आहे. आईचं लिहा." त्या वहीत ऐंशी वर्षे ओळीने बापांची आडनावे होती. त्यांच्याखाली मी एका आईकडून आलो.

साडेतीन वर्षांनी लोरेता बालवाडीत गेली. तिथल्या बाई शहरातून नव्याने आलेल्या, त्यामुळे हजेरी आडनावाने. त्यांनी हाक मारली, "बात्तिनेवे!"

वर्गात कुणीच उठले नाही. पोरे एकमेकांकडे बघू लागली. गावभर तिला आजोबांवरून ग्रिल्लेत्ता, म्हणजे छोटा रातकिडा, म्हणतात. मला ते आठ माणसांचे चर्च आठवले.

"कोण आहे बात्तिनेवे?" बाईंनी पुन्हा विचारले.

बुटाच्या नाडीशी झटापट करणारी एक मुलगी सावकाश उभी राहिली. "ते माझ्या आजोबांचं आहे," ती म्हणाली. "ते गेले. आता मी वापरते."

"मग हजर म्हणायचं, बाळ."

"हजर!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाईंनी कानावर हात ठेवला.

मित्रांनो, मी आता समाधानात आहे. ग्रिल्लोशी माझे भांडण मिटले. ती रोजची हाक सांभाळते, मी कागद सांभाळतो. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. ज्यांना तुम्ही काका, आप्पा, तात्या, भाऊ म्हणून रोज हाक मारता, त्यांचे पूर्ण नाव काय, ते आजच त्यांच्याशेजारी बसून विचारा. भिंतीवर वाचायची वेळ येण्याआधी.